गंगव्वाची दवंडी

रविवारी दुपारची जेवणं उरकली की प्रणिता मगदूम निपाणीत दुसऱ्या कुठं घावायची न्हाय. जिनेंद्रच्या आजोबांच्या वखारीतच घावायची. तंबाखूचा धंदा बंद होऊन लई वर्षं झालती, पण वास काय भिंतींनी सोडला न्हवता. दाराच्या आत पाऊल टाकलं की पहिली शिंक ठरलेली. शिंकल्याशिवाय खेळाला बसायचं न्हाय, असा नियमच पडून गेलता.

खेळ प्रणितानं काढलेला. पण मूळ आणलं स्वरूपनं. बाहेरदेशातली पोरं टेबलाभोवती बसत्यात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीची गोष्टीतली माणसं होत्यात आणि अडलं की फासा टाकत्यात, असं त्यानं फोनवर बघितलं होतं. त्यांच्या खेळात ड्रॅगन, चेटकिणी, किल्ले. प्रणिता म्हणाली, "त्यांची भुतं आपल्या गळ्यात कशाला? आपल्याकडं काय कमी हाईत व्हय?" आणि तिनं मधलीवाडी वसवली.

मधलीवाडी म्हंजे दोन राजांच्या कात्रीत सापडलेलं गाव. वरला राजा म्हणतोय माझं, खालला राजा म्हणतोय माझं. दोघांची बी माणसं अंधारात येऊन शिवंचा दगड सरकवून जात्यात, आणि गाव सकाळी उठून बघतंय, आज आपण कुणाचे.

हे गाव वसलं होतं एका फ्लेक्सच्या पाठीवर. मागच्या निवडणुकीत प्रणिताच्या मामाचा, आण्णासाहेबांचा, मोठा फ्लेक्स चौकात लागलेला. मामा पडले, फ्लेक्स उतरला, तो प्रणितानं उचलून आणला. मागची पांढरी बाजू वर करून तिच्यावर मार्करनं विहीर, पार, ओढा, पायवाटा काढल्या. मामा हात जोडून खाली पालथे पडलेले आणि त्यांच्या पाठीवर चौघं जण मांडी घालून बसलेले. "आण्णासाहेबांनी जनतेचा भार खरंच उचलला बघा," असं जिनेंद्र दर रविवारी म्हणायचा, आणि दर रविवारी कुणी ना कुणी हसायचं.

जिनेंद्र गोष्टीत सावकार होता. खऱ्यात भित्रा, म्हणून खेळात लई दम द्यायचा. स्वरूप चोर. खऱ्यात आयटीआयला जायचा. आणि सौम्या होती गंगव्वा.

सौम्याचे वडील सरकारी हापिसात, बदलीवर चिकोडीकडनं आलेले. घरात कन्नड, बाहेर मराठी, शाळेत इंग्लिश, अशी तिची तीन तोंडं. मराठीत ती कधी कधी पाय घसरून पडायची, पण पडली तरी बोलायची थांबायची न्हाय. गंगव्वा म्हंजे गावात दवंडी पिटणारी बाई. दोन्ही राजांची फर्मानं तीच सांगायची, वरल्याचं मराठीत, खालल्याचं कन्नडात. पटावर तिची खूण म्हंजे शर्टाचं एक लाल बटण. ते पारावर ठेवलं की सौम्या हलगी म्हणून मांडीवर थाप मारायची आणि सुरू व्हायची. स्वरूप तर चोरी करायची सोडून ऐकत बसायचा.

प्रणिता राजाही व्हायची, प्रधानही व्हायची, वारा, पाऊस, कुत्रंही व्हायची. तिला दोनच येडं होती, एक हे आणि दुसरं राजकारण. कॉलेज अकरावीतच सुटलेलं. सरांनी वर्गात "बाहेर हो" म्हटलं, ही बाहेर झाली ती परत आत गेलीच न्हाय. डोकं तसलंच, रॉकेल न लागता पेटणारं. पण डोळा बारीक. कुठल्या गल्लीत कुणाचं कुणाशी फाटलंय, सभेत पहिली टाळी कोण वाजवतंय आणि त्याला कुणी सांगितलंय, सगळं तिला दिसायचं. सोमवार ते शनिवार मामाच्या मागं, रविवार वखारीत. दोन्ही पारडी समान धरलीत, असं तिला वाटायचं.

दोन्हीत अंतर ठेवायला एक नियम केलेला, तो बी तिनंच. वखारीतलं वखारीत. इथं कुणी काय बोललं ते बाहेर न्यायचं न्हाय. फक्त मधलीवाडीची गोष्ट प्रणिता लिहायची, आणि चौघं हो म्हणाले तर कडोलीच्या साहित्य संमेलनात नव्या पोरांना वाचू देत्यात तिथं वाचायची. सौम्या म्हणायची, "मी पण स्टेजवर येणार. गंगव्वाचं मीच बोलणार. तुझं कन्नड ऐकून लोक उठून जातील."

पावसाळा सरता सरता एका रविवारी दोन्ही राजांचे दूत एकदमच मधलीवाडीत आले. प्रणितानं मुद्दाम आणले. म्हणाले, आज सांगा, गाव कुणाचं. जिनेंद्रच्या सावकारानं दोघांना बी जेवायला बोलवून वेळ काढायचा बघितला. फासा उलटा पडला. मग सौम्यानं लाल बटण उचलून पारावर ठेवलं.

मांडीवर थाप पडली.

"ऐका हो ऐका. दोन्ही राजांना सांगा. गंगव्वा सांगते. आमच्या विहिरीला तुमचं नाव लागत न्हाई. आमची आई ज्या भाषेत शिवी देते, त्या भाषेत आम्ही रडतो, त्याला तुमचं फर्मान लागत न्हाई. तुम्ही दगड सरकवा. इकडं सरकवा, तिकडं सरकवा. आम्ही रोज त्याच वाटेनं पाण्याला जाणार. दगड तुमचा, वाट आमची."

अर्धं कन्नडात बोलली, अर्धं मराठीत. संपलं तेव्हा जिनेंद्र शिंकला आणि कुणी हसलं न्हाय. प्रणितानं फासा टाकायला बी सांगितलं न्हाय. "दूत परत गेले," एवढंच म्हणाली.

गडबड झाली ती त्याच आठवड्यात. नगरपालिकेची निवडणूक लागली आणि मामा परत उभे राहिले. पहिली सभा चौकात. भाषण लिहून द्यायला कोल्हापूरचा एक माणूस येणार होता, तो आलाच न्हाय. मामा घराच्या पुढच्या सोप्यात येरझाऱ्या घालत होते.

"रस्ता, गटार, पाणी. हेच बोलतोय मी तीन निवडणुका," मामा म्हणाले. "लोक टाळी बी वाजवंनात. प्रणे, तू लिहितीस न्हवं काय काय? दे की चार ओळी. काळजाला लागल्या पाहिजेत."

मामानं तिला असं कधी विचारलं न्हवतं. सतरंज्या उचल, याद्या बघ, पाणी दे, एवढंच. प्रणितानं फोन काढला. मधलीवाडीच्या गोष्टीत गंगव्वाचं बोलणं होतंच. तिनं ते वाचून बघितलं. लई झकास होतं, फक्त एकच अडचण. गंगव्वा दोन्ही राजांना बोलत होती. मामाच्या सभेला वरला राजा तर आपलाच. त्याला कसं बोलायचं?

तिनं वरला राजा काढला. खालल्याच्या जागी 'बेंगळूरवाले' घातलं. कन्नडातलं सगळं मराठीत केलं. चहा गार व्हायच्या आत काम झालं. नियम आठवला न्हाय असं न्हाय. आठवला. पण लिहिलेलं तर मीच हाय, असं तिनं मनाला सांगितलं, आणि मनानं बी लगेच ऐकलं.

सभेला ती स्टेजच्या बाजूला, साउंडच्या खोक्याजवळ उभी होती. मामानं रस्ता, गटार, पाणी उरकलं आणि चष्मा घातला. "बेंगळूरवाल्यांना सांगा," मामा म्हणाले. प्रणिता मामाकडं न्हाय, लोकांकडं बघत होती. पानपट्टीवाल्यानं हातातलं पान तसंच धरलेलं. पहिली टाळी ठरवलेल्या माणसानं न्हाय वाजवली, एका म्हाताऱ्यानं वाजवली. "दगड तुमचा," मामा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा अख्ख्या चौकानं उत्तर दिलं, "वाट आमची!"

असं कधी झालं न्हवतं, तिच्या मामाचं बी आणि तिचं बी.

तेवढ्यात तिला सौम्या दिसली. भाजीची पिशवी स्कूटीच्या हुकाला लावलेली, वाट अडली म्हणून पलीकडं थांबलेली. ती चिडलेली दिसत न्हवती. लांबनं गाणं ऐकू यावं आणि हे कुठं ऐकलंय ते माणसानं आठवावं, तशी मान तिरकी करून ऐकत होती. मग तिला आठवलं. प्रणितानं तिला आठवताना बघितलं. डोळा बारीक असला की कधी कधी लई ताप होतोय.

सौम्यानं स्कूटी वळवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मामाचं भाषण फोनाफोनात गेलं. तिसऱ्या दिवशी रिक्षाच्या भोंग्यावर आलं. मग फ्लेक्स लागले. मामाचा फोटो, जोडलेले हात आणि खाली भगव्या अक्षरांत गंगव्वाचं वाक्य. कन्नडवाल्या एका संघटनेनं त्याला उत्तर म्हणून मोर्चा काढायचं जाहीर केलं. त्याला उत्तर म्हणून इकडची पोरं मोटारसायकली घेऊन निघाली.

प्रणितानं सौम्याला फोन केले. उचलले न्हाईत. चौघांच्या ग्रुपवर स्वरूपनं एवढंच टाकलं: 'काल पोरं सौमीच्या गेटसमोर ओरडून गेली. तूच बघ आता.'

ती चालतच गेली. सौम्या गेटमधे उभी राहिली. आत ये म्हणाली न्हाय, जा बी म्हणाली न्हाय.

"कोण होती पोरं? नावं सांग, मी बघतो एकेकाला," प्रणिता म्हणाली. रागात ती पोरासारखंच बोलायची.

"काय बघणार? ती तुझंच म्हणत होती."

"सौमे, मी काय मुद्दाम केलं न्हाय."

"मुद्दामच केलीस. वरचा राजा आपोआप निघून गेला काय?"

सौम्या गेटची कडी वर-खाली करत होती.

"अम्मा आत भात लावत होती," ती म्हणाली. "तिला मराठी येत न्हाई. विचारली, काय म्हणतात ती पोरं? मग मी तिला कन्नडात सांगितली. कल्लु निम्दु, दारी नम्दु. दगड तुमचा, वाट आमची. अम्मा म्हणाली, चलो हेळ्यार. चांगलं सांगितलेत की. कुणी लिहिलं? आणि चांगलं सांगतात तर असं ओरडतात कशाला?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार. पोळ्या लाटली."

आतनं हाक आली. सौम्या वळली.

"रविवारी येणार न्हवं?" प्रणितानं विचारलं.

"येते की. खेळ चालू हाय न्हवं अजून."

तिथनं ती तडक मामाकडं गेली. सोप्यात माणसं, चप्पलांचा ढीग, चहाचे कप. एवढी माणसं त्या सोप्यात मागच्या तीन निवडणुकांत मिळून आली न्हवती. मामानं तिला बघितल्या बघितल्या बाजूला बसवून घेतलं.

"मामा, ती घोषणा थांबवा."

"का गं? पळाय लागलीय की घोड्यासारखी."

"ती माझी न्हाय. मैत्रिणीची हाय."

"असं? मग तिला बी आण की स्टेजवर. पोरी दिसल्या की बायका येत्यात सभेला."

"ती कन्नड हाय, मामा."

मामाचा कप तोंडापाशी थांबला. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आणि आवाज खाली आणला. "हे दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाईस न्हवं? सांगू नकोस."

"तिनं दोन्ही राजांना म्हटलं होतं. मी एक काढला."

"राजा? कसला राजा?" मामाला काय कळलं न्हाय, पण लगेच हसले. "काढलास ते बरंच केलंस. दोघांना बोललं की दोघांची बी मतं जात्यात. तुला कळतंय गं राजकारण. माझ्या पोराला न्हाय कळत." आणि त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. याच थापंसाठी ती दोन वर्षं सतरंज्या उचलत होती.

"निदान रिक्षा तरी थांबवा," ती म्हणाली.

"रिक्षा माझी हाय, थांबवतो. पण पोरांची तोंडं कशी थांबवू? ते आता माझ्या हातात न्हाय आणि तुझ्या बी. लोकांचं झालं ते. बरं, पुढची सभा मोठी हाय. असलंच अजून काढून ठेव. चारच ओळी."

प्रणिता उठली ती चौकात गेली. खांबाला चढून तिनं एक फ्लेक्स कोपऱ्यातनं धरला आणि ओढला. अर्धा फाटला. खालनं मामाचाच एक कार्यकर्ता ओरडला, "ए प्रणे, वाऱ्यानं सुटलाय काय? थांब, मी दोरी आणतो, नीट बांधू." त्याला वाटलं, ही बांधायलाच चढलीया. प्रणिता वर लटकून रस्त्याकडं बघत राहिली. या खांबापासनं पार नाक्यापर्यंत मामा हात जोडून उभे होते, एका मागनं एक. ती खाली उतरली. त्यानं दोरी आणून फ्लेक्स परत बांधला, पहिल्यापेक्षा घट्ट.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी वखारीत गेली. मधलीवाडी अंथरली. गंगव्वाचं बटण, सावकाराचा चिंचोका, चोराची काडीपेटी, सगळी आपापल्या जागी ठेवली. जागा चुकल्या न्हवत्या, तरी दोनदा उचलून परत ठेवली.

जिनेंद्र आला, शिंकला. पालथ्या मामाकडं बघितलं आणि आज जनतेच्या भारावर काय बोलला न्हाय. स्वरूप आला. मग सौम्या आली. तिनं नेहमीसारखं चिरमुऱ्यांचं पुडकं आणलं होतं. शिंकली, बसली, पुडकं मधे ठेवलं. स्वरूपनं मूठ भरून घेतली आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं.

"पुढं," प्रणिता म्हणाली, "दूत परत गेल्यावर गाव पारावर जमलंय. सगळी गंगव्वाकडं बघत्यात. आता काय करायचं, गंगव्वानं सांगावं."

सौम्यानं लाल बटण पारावर ठेवलं. मांडीवर थाप मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मग हात मांडीवर तसाच ठेवला.

स्वरूप पुढं सरकला.

"बोल की," स्वरूप म्हणाला.

"गंगव्वा बोलत न्हाई आता," सौम्या म्हणाली.

"म्हंजे?"

"बोलत न्हाई. हलगी वाजवते. तेवढंच."

जिनेंद्रनं प्रणिताकडं बघितलं. खेळात हे चालतंय का, असं त्याला विचारायचं होतं. चालत होतं. आपलं माणूस काय करणार ते ज्याचं त्यानं ठरवायचं, गोष्ट सांगणाऱ्यानं त्यात हात घालायचा न्हाय. हा नियम बी प्रणिताचाच.

पण गोष्ट तर तिच्या हातात होती. तिनं ओढ्याला पूर आणला. "पलीकडं गुराखी हाईत. त्यांना ओरडून सांगायला पाहिजे."

"वाजवते," सौम्या म्हणाली, आणि फासा टाकला. सहा पडले. गुराखी वाजणं ऐकून माघारी फिरले. सगळे वाचले.

तिनं सावकारावर खोटा आळ आणला. साक्षीला एकटी गंगव्वा. "साक्ष न्हाय दिली तर याला गावाबाहेर काढत्यात," प्रणिता म्हणाली. जिनेंद्र कावराबावरा झाला, खरंच त्यालाच काढणार असल्यागत. सौम्यानं बटण उचललं, सावकाराच्या चिंचोक्याजवळ नेऊन ठेवलं आणि गप बसली.

"त्याच्या शेजारी उभी राहिली," ती म्हणाली. "बास."

गावानं सावकाराला सोडलं. प्रणिताला दुसरं काय करता आलं न्हाय. गंगव्वा पहिल्यासारखीच होती, पहिल्यापेक्षा जास्तच कामाला येत होती. फक्त तोंड न्हवतं.

फोन फरशीवर थरथरला. मामा. तिनं कट केला. परत थरथरला. मग मेसेज आला, स्क्रीन उजळली आणि चौघांनी बी वाचला: 'प्रणे, चार ओळी झाल्या का. न्यायला माणूस बसलाय.' प्रणितानं फोन पालथा घातला. तिच्यापाशी चार काय, एक ओळ न्हवती. आजवर तिनं जे जे चांगलं लिहिलं, ते कुणाच्या तोंडचं होतं, हे तिला आता वखारीत बसून कळाय लागलं होतं, आणि कळून उपयोग न्हवता.

"कडोलीला पाठवायची होती न्हवं गोष्ट?" जिनेंद्रनं मधेच विचारलं, कायतरी बोलायचं म्हणून.

"लोक म्हणतील, आण्णासाहेबांची चोरली," स्वरूप म्हणाला, आणि बोलून झाल्यावर चिरमुरे चघळायचा थांबला.

प्रणितानं खिडकीकडं बघितलं. मग पटाकडं. "पारावर एक बारकी पोरगी येते," ती सावकाश म्हणाली. "गंगव्वाच्या पदराला धरून ती विचारते." आणि पुढचं तिनं तिच्या मोडक्या कन्नडात विचारलं. वर्गातनं बाहेर झाली तो तास कन्नडाचाच होता. "गंगव्वा, याक माताडवल्ली?"

का बोलीनास, म्हणून.

सौम्यानं मान वर केली. दुपारभरात पहिल्यांदा तिनं प्रणिताकडं सरळ बघितलं. तिचे ओठ हलले, निदान प्रणिताला तसं वाटलं. जिनेंद्रला शिंक येत होती, ती त्यानं नाक धरून दाबली.

मग सौम्यानं मान खाली घातली, मांडीवर थाप मारली, एकच, आणि फासा उचलून स्वरूपच्या हातात दिला.

"तुझी पाळी," ती त्याला म्हणाली.